किती देते?

"गाडी किती देते?" हा प्रश्न आमच्या चांदे गावात कुशलप्रश्नाच्याही आधी विचारला जातो, आणि त्याला मी वर्षानुवर्षे "एकवीस" असे जे उत्तर देत आलो, ते सत्यापेक्षा माझ्या स्वभावाशी अधिक सुसंगत होते. वस्तुतः तो आकडा माझ्या गाडीचा नव्हेच, तो दाखल्यावरचा. १९६६ साली स्थापन झालेली, पुण्याच्या वेताळ टेकडीवर मोटारींची परीक्षा घेणारी ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही जी विख्यात संस्था आहे, तेथे गाडी फिरत्या रुळांवर चढवून जागच्या जागी सुमारे वीस मिनिटे पळवतात. वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, एसी बंद असतो, आणि त्या रुळांवर नांद्याचा गतिरोधक, हिंजवडीची गर्दी किंवा आडवी बसलेली म्हैस यांपैकी काहीही येत नाही. अशा ब्रह्मावस्थेत मीदेखील एकवीस दिले असते.

सेवानिवृत्तीनंतर मनुष्याला वैराग्य येते असे ऐकून होतो. मला रुंद टायर आले. मग टपावर कॅरिअर आला, ज्यावरून आजतागायत एका गादीखेरीज काहीही वाहून नेलेले नाही. आणि शेवटी पुढे लोखंडी गार्ड आला, ज्यामुळे गाडीला फौजदाराची मुद्रा प्राप्त झाली असे मला वाटे. ज्याने महसूल खात्यात हयातभर कलमे दाखवून लोकांचे अर्ज फेटाळले, त्यानेच १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे पुढच्या बंपरला बांधून मिरवावे, आणि असे गार्ड बेकायदा असल्याचे केंद्राने २०१७ च्या डिसेंबरात राज्यांना कळवल्यावरही मिरवत राहावे, याची कैफियत कोणत्या तोंडाने द्यावी?

हे पितळ उघडे पाडले ते सौभाग्यवतींनी. टाकी काठोकाठ भरायची, महिनाभर गाडी चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची आणि किलोमीटरांना लिटरांनी भागायचे, असा तिचा किराण्याच्या वहीतला जमाखर्च. त्यात रुजवात पडली ती १३.४ ची. त्याहून लाजिरवाणी गोष्ट ही की पुढच्या महिन्यात तीच गाडी तिने चालवली, तेव्हा आकडा १६ च्या वर गेला. म्हणजे दोष कॅरिअरचा होताच, टायरांचा आणि गार्डच्या वजनाचाही होता. तथापि सर्वांत जड सुटा भाग स्टिअरिंगमागे बसत होता. वेग ६० वरून ९० वर नेला की वाऱ्याचा विरोध सव्वादोन पट होतो, आणि ब्रेक म्हणजे विकत घेतलेल्या पेट्रोलची उष्णता करून ती वाऱ्यावर सोडण्याचे यंत्र, हे शास्त्र मी तिला सविस्तर समजावून सांगितले. ती म्हणाली, "मग दाबता कशाला?"

येथे बैलगाडीविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे. ते चारच राहणार नाहीत, याची वाचकाने नोंद घ्यावी. आमचे आबा आंबेमोहोराची पोती घालून पुण्याला गाडी नेत. पोती मागे जास्त झाली तर गाडी उलाळ होते आणि बैलांच्या गळ्याला जू वर ओढते, पुढे जास्त झाली तर धुरजड होऊन त्यांच्या मानेवर बसते. म्हणून ते एकेक पोते असे सरकवत की जणू सोने तोलत आहेत. गाडीच्या बुडाशी टांगलेल्या नळकांड्यातले वंगण कण्याला घातल्यावाचून ते घर सोडीत नसत, कारण चाक कुरकुरले की बैलाची पेंड वाया गेली, हा हिशेब त्यांना कोणा टेकडीवरून कळवावा लागला नव्हता. उतारावर बैलांना पळवून पुढे कासरे खेचणाऱ्या गाडीवानाला ते माणसात धरीत नसत. आणि सूस खिंडीची चढण आली की खाली उतरून ते चाकाला खांदा देत. चढणीवर गाडीत बसून राहणे त्यांच्या लेखी पाप होते.

आता त्या शिवारात इमारती उभ्या आहेत, आणि जेथे बैल आपल्या मर्जीने चालत, तेथे मी तिसऱ्या गिअरात सावकाश निघालो तर मागचा डंपर असा भोंगा वाजवतो की जणू मी त्याच्या वतनात घुसलो आहे. खरे सांगायचे तर माझे निम्मे पेट्रोल त्या भोंग्याला भिऊन जळते, आणि उरलेले, आपण भ्यालो नाही हे त्याला दाखवण्यात.

आबा नव्वदीला टेकले होते तेव्हा त्यांना पुण्याला डॉक्टरांकडे घेऊन निघालो होतो. खिंडीत मी गर्वापोटी गिअर उतरवला नाही, आणि गाडी कण्हू लागली. मागून आवाज आला, "अरे, थांबव जरा. मी उतरतो. चढण सरली की बसेन." मी हसलो, हसून ॲक्सिलरेटर दाबला. त्यांचे वजन तेव्हा जेमतेम बेचाळीस किलो होते. आबा गेल्याला आता दोन वर्षे झाली. त्या चढणीवर माझा पाय अजूनही आपोआप हलका होतो.

कॅरिअर आणि गार्ड भंगारवाल्याने वजनावर नेले. टायर मात्र महाग असल्यामुळे झिजेपर्यंत वैराग्य तहकूब आहे. हवा दर पंधरवड्याला तपासतो. वहीत गेल्या महिन्याचा आकडा १६.२ पडला आहे. परवा देवळापाशी एकाने काच खाली करायला लावून विचारले, "किती देते?" मी प्रांजळपणे सोळा म्हणण्यासाठी तोंड उघडले, आणि आतून "अठरा" बाहेर पडले.

मागच्या सीटवर वहीची पाने उलटल्याचा आवाज झाला.