धाराशिव जिल्ह्यातील ‘नको’ आणि त्याची निष्फळता

धाराशिव जिल्ह्यातील खाण्याविषयी लिहिताना प्रवासवर्णनाची रूढ पद्धत फारशी उपयोगी पडत नाही. रूढ पद्धतीनुसार प्रवासी एखाद्या गावी जातो, तेथील नावाजलेले हॉटेल शोधतो, पदार्थ मागवतो आणि पदार्थ आवडला तर एक परिच्छेद, न आवडला तर तीन परिच्छेद लिहितो. या व्यवहारात काय खावे हे ठरवण्याचा आणि कधी थांबावे हे ठरवण्याचा, असे दोन्ही अधिकार प्रवाशाकडेच असतात. बालाघाटाच्या डोंगररांगांवर आणि त्यांच्या पायथ्याशी पसरलेल्या या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात मात्र उत्तम जेवण घरात, शेतात किंवा पुजाऱ्याच्या ओसरीवर मिळते, आणि त्यामुळे पहिला अधिकार आपोआप यजमानाकडे जातो. दुसरा अधिकार कोणाकडे असतो, याचा निर्णय जिल्ह्यात अद्याप झालेला नाही.

आरंभ रोजच्या रात्रीच्या जेवणापासून करणे योग्य ठरेल, कारण पाहुण्यासाठी मुद्दाम केलेले जेवण कोठेही चांगलेच असते, तर न कळवता आलेल्या पाहुण्याच्या ताटात जे पडते त्यावरून त्या मुलखाची खरी परीक्षा होते. हे ताट म्हणजे रब्बीच्या ज्वारीची भाकरी आणि तिच्याबरोबर ‘कोरड्यास’. कोरड्या भाकरीला ओलावा देणाऱ्या कालवणास या भागात कोरड्यास म्हणतात. त्यामुळे ‘आज कोरड्यास काही विशेष नाही’ हे यजमानीणबाईंचे वाक्य ऐकून एखाद्या सुक्या भाजीच्या तयारीने बसलेल्या पुणेकर पाहुण्यासमोर लालभडक तवंगाची आमटी येते, आणि विशेष काही नसताना ही स्थिती असेल तर विशेष असताना काय होत असेल, या विचाराने तो पाण्याचा तांब्या जवळ ओढतो. आमटीला जो दाटपणा असतो तो बहुधा येसराचा असतो. येसर म्हणजे ज्वारी, बाजरी, डाळी यांसारखी धान्ये मसाल्यांसह भाजून दळलेले पीठ. लग्नघरी ते आधीच करून ठेवण्याची रीत आहे आणि आयत्या वेळी पंगत वाढली तर पाणी वाढवूनही आमटी पातळ न दिसण्याचे श्रेय त्यालाच जाते. जोडीला शेंगदाण्याची चटणी असते. ही चटणी उखळातच कुटलेली असावी, कारण कुटताना शेंगदाण्याचे तेल सुटून ती मिळून येते आणि मिक्सरमध्ये तिचा नुसता भुगा होतो, असे मत जिल्ह्यातील ज्येष्ठ स्त्रिया मिक्सर चालू असताना मोठ्या आवाजात व्यक्त करतात.

या ठिकाणी आग्रहाच्या मापनपद्धतीचा परिचय करून देणे आवश्यक आहे. भाकरीचा चौथा भाग तो चतकोर, हे कोशातले माप होय. वाढण्याच्या व्यवहारात मात्र ‘चतकोर घ्या’ याचा अर्थ अर्धी, ‘अर्धी घ्या’ याचा अर्थ पूर्ण, आणि ‘आता काहीच वाढत नाही’ याचा अर्थ तव्यावरची भाकरी अजून भाजायची आहे, असा होतो. ताटावर आडवा हात धरणे हा नकाराचा सर्वमान्य संकेत असला, तरी या जिल्ह्यात भाकरी त्या हातावर ठेवली जाते. ‘घ्या की वो पाव्हणं, एवढ्यानं काय होतंय’ या वाक्यात प्रश्न असल्यासारखे वाटते, परंतु त्याचे उत्तर अपेक्षित नसते. नकाराचे कारण प्रकृती असे सांगितल्यास ज्वारी पचायला हलकी असल्याचे ऐकवले जाते, आणि कारण पोट भरले असे सांगितल्यास पाहुण्याने सकाळपासून काही खाल्लेले नाही असा निष्कर्ष काढला जातो. त्यामागे कोणते तर्कशास्त्र आहे हे अभ्यासकांनी शोधावे.

असल्या ताटाला शहरी प्रवासी ‘अस्सल गावरान’ म्हणतो आणि त्याचे छायाचित्र काढतो. वस्तुतः या ताटातील बहुतेक मंडळी प्रवाशापेक्षा दुरून आलेली आहेत. ज्वारी मूळची आफ्रिकेतली; पिठल्याचा हरभरा पश्चिम आशियातला; मिरची आणि भुईमूग अमेरिका खंडातून निघाले आणि युरोपीय दर्यावर्दींच्या जहाजांतून सोळाव्या शतकाच्या सुमारास व नंतर इकडे पोचले. स्थानिक म्हणण्याजोगी तूर आणि तीळ ही दोनच नावे छातीठोकपणे सांगता येतात, आणि ती दोघेही याबद्दल काही बोलत नाहीत. याचा अर्थ असा, की धाराशिवपासून जवळच असलेले तेर हे गाव जेव्हा ‘तगर’ या नावाने समुद्रापलीकडच्या व्यापारात प्रसिद्ध होते, तेव्हा तेथे ना ठेचा होता, ना शेंगदाण्याची चटणी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत तगराचा उल्लेख आहे. तेथील साधे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असे, असे तिचा अज्ञात लेखक सांगतो. तगरात लोक काय जेवत, याविषयी मात्र तो एक अक्षर लिहीत नाही. तो किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणारा व्यापारी असल्यामुळे इतक्या आत आला नसावा, असा तर्क करता येतो. त्याचे लेखन नेमके आणि आटोपशीर आहे, आणि तेरला दुपारी जेवलेल्या मनुष्याकडून आटोपशीर लेखन होणे शक्य नाही, हा त्या तर्काला पुष्टी देणारा पुरावा मानावा.

तेरचेच संत गोरोबाकाका यांच्या घरी संतमंडळी जमल्याची आख्यायिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. मडकी घडवताना वापरायच्या थापटण्याने गोरोबांनी एकेका संताचे डोके थापटून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे असल्याचा निर्वाळा दिला, असे ती सांगते. आख्यायिकेचा आशय आध्यात्मिक आहे यात शंका नाही. तथापि पाहुण्याची परीक्षा त्याच्या डोक्यावरून घेतली जाण्याचा जिल्ह्यातील हा एकमेव नोंदलेला प्रसंग होय. त्यानंतर ती पोटावरूनच घेतली जाते.

तुळजापूरची व्यवस्था काहीशी निराळी आहे. तुळजाभवानीच्या दर्शनास येणाऱ्या अनेक कुटुंबांचे पुजारी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात. अशा पुजाऱ्याच्या घरीच यात्रेकरूंची उतरण्याची आणि नैवेद्याच्या स्वयंपाकाची सोय होते. नैवेद्य कोणता हे कुळाचारावर अवलंबून असते. काही कुळांत तो पुरणपोळीचा असतो आणि काही कुळांत सामिष. एकाच गल्लीत एका घरातून पुरण वाटल्याचा आणि शेजारच्या घरातून मसाला भाजल्याचा वास येत असल्यामुळे, उपवास धरून रांगेत उभ्या असलेल्या भाविकाची जी अवस्था होते तिचा समावेश तपश्चर्येच्या प्रकारांत करावयास हरकत नाही. सामिष नैवेद्याच्या निमित्ताने उस्मानाबादी शेळीचा उल्लेख केला पाहिजे. बहुधा काळ्या रंगाची, कमी पाण्यात आणि झुडपांच्या पाल्यावर तग धरणारी, पुष्कळदा जुळी करडे देणारी ही जात मांसासाठी देशभर ओळखली जाते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेले जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलून धाराशिव झाले, पाट्या रंगवल्या गेल्या, शिक्के नवे आले; शेळीचे नामांतर मात्र कोणी केलेले नाही, आणि ती आजही उस्मानाबादी या नावानेच बाजारात उभी राहते.

भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींचे निर्वाणस्थान म्हणून त्याची ख्याती आहे, आणि याच डोंगरावर आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये सल्लेखना घेतली, म्हणजे विधिपूर्वक आहाराचा त्याग करून देह ठेवला. अन्नाचा मोह सोडण्याचे सर्वोच्च उदाहरण ज्या स्थळी घडले, त्याच स्थळाचे नाव आज महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पेढ्यांच्या दुकानांवर झळकते, ही गोष्ट तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला विचारात पाडणारी असली तरी तिचे कारण साधे आहे. डोंगराळ भागात दूध भरपूर, ते टिकत नाही आणि मोठी शहरे दूर. म्हणून ते कढईत आटवून त्याचा खवा करणे हाच वाहतुकीचा मार्ग ठरला. सुमारे पाच लिटर दूध आटते तेव्हा किलोभर खवा हाती लागतो, म्हणजे प्रवास करण्याआधी दूध स्वतःचे बहुतेक सामान घरीच ठेवते. पर्यटकांनी या बाबतीत दुधाचे अनुकरण केले, तर परतीच्या वाटेवर गाडीत पेढ्यांसाठी जागा उरेल. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मानांकन म्हणजे एखाद्या मालाचे नाव त्याच्या मूळ प्रदेशाबाहेरच्या विक्रेत्याने वापरू नये यासाठी दिलेले कायदेशीर संरक्षण. पेढा चाखून पाहण्यासाठी दुकानदार जो तुकडा हातावर ठेवतो, त्याच्या आकाराला मात्र कोणत्याही कायद्याची मर्यादा नाही.

पूर्वेकडे उमरग्याच्या बाजूला, सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर, मराठीत कानडी मिसळू लागते आणि ताटात हुग्गी, म्हणजे गहू शिजवून गूळ घालून केलेली दाट खीर, दिसू लागते. जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्याची खूण मुस्लिम घरांतील लग्नाच्या जेवणात सापडते. तेथे बगारा खाना आणि दालचा ही जोडी असते. बगारा खाना हा अख्ख्या मसाल्यांची फोडणी दिलेला साधा भात, आणि दालचा हे दुधीभोपळा व बहुधा मटण घातलेले आंबटसर वरण. बिर्याणीच्या सवयीने भातात मटण शोधणारा प्रवासी निराश होतो, आणि वरण म्हणून दालच्याला निर्धास्तपणे हात घालणारा शाकाहारी त्याहून मोठ्या अडचणीत येतो.

या सर्वांचा कळस मार्गशीर्ष अमावास्येला होतो. तिला वेळा अमावास्या आणि बोलीत येळवस म्हणतात. लातूर व धाराशिव हे या सणाचे मुख्य जिल्हे असून शेजारच्या कर्नाटकातही तो साजरा होतो; डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पूर्वार्धात येणाऱ्या या दिवशी गावेच्या गावे शेतात जेवायला जातात. बाजारपेठ ओस पडते, हॉटेलांची शटरे खाली असतात, आणि वेळापत्रक पाहून नेमका याच दिवशी जिल्ह्यात उतरलेला परगावचा प्रवासी पोहे-चहाच्या शोधात चौकाचौकांतून फिरताना आढळतो. दुष्काळ पडला असावा, असा त्याचा पहिला समज होतो. गावाबाहेर दोन किलोमीटर गेल्यावर तो समज कायमचा नाहीसा होतो.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारलेली असते. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडून त्यांची पूजा होते, उभ्या रब्बी पिकात आंबील शिंपडली जाते, आणि त्या वेळी शेतकरी कानडी वळणाची जी आरोळी देतात तिचा अर्थ सांगण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. मग जेवण सुरू होते. मुख्य पदार्थ भज्जी. हे नाव ऐकून तळलेल्या भज्यांची वाट पाहणाऱ्यांना सांगितले पाहिजे, की भज्जी म्हणजे तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी-पालकासारख्या पालेभाज्या, चिंच आणि हंगामात शेतात व बाजारात जे जे हिरवे दिसेल ते ते एकत्र शिजवून बेसन लावून केलेली दाट भाजी होय. तिच्यात नेमके किती जिन्नस आहेत, याविषयी एकाच खोपीतील दोन जावांचे एकमत होत नाही. तिच्याबरोबर सजगुऱ्याचे, म्हणजे बाजरीचे, उंडे, धपाटे, तिळाची भाकरी, गव्हाची खीर, आणि या सर्वांवर आंबील. आंबील म्हणजे ज्वारीच्या पिठात ताक घालून आंबवलेले, लसूण-जिऱ्याचे पेय, जे मातीच्या भांड्यात रात्रभर मुरते. ते थंड, आंबट आणि दिसायला अगदी निरुपद्रवी असते. पहिला पेला तहानेसाठी, दुसरा आग्रहासाठी आणि तिसरा चुकून घेतला जातो. त्यानंतर डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात, कडब्याच्या सावलीत, प्रवाशाची जिज्ञासा हळूहळू मंदावते आणि क्षेत्रीय अभ्यासाची वही छातीवर उघडी राहते.

येळवशीच्या दिवशी वाटेने जाणाऱ्या कोणालाही हाक मारून खोपीत बसवले जाते; ओळख, जात, गाव यांची विचारपूस झालीच तर जेवण वाढून झाल्यावर होते. या रीतीमुळे एक व्यावहारिक अडचण उत्पन्न होते. एका शेतात जेवून उठलेला मनुष्य रस्त्याला लागला की पुढच्या शेतातून हाक येते, आणि आपण आत्ताच जेवलो हे त्याचे निवेदन तेथे पुराव्याअभावी फेटाळले जाते. तिसऱ्या शेतात ‘निदान आंबील तरी’ अशी तडजोड निघते. ज्यांची शेती नाही अशा शहरातल्या नोकरदारांना या दिवसाची आमंत्रणे इतकी येतात, की त्यांतील अनुभवी लोक दिशा ठरवून घेतात आणि सकाळी एका रस्त्याची, दुपारी दुसऱ्या रस्त्याची शेते उरकतात.

पावसाने वारंवार हुलकावणी दिलेल्या आणि टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढलेल्या या प्रदेशात अन्नाचा आग्रह इतका का असावा, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा दुष्काळाच्या आठवणीत शोधले जाते. ते बरोबर असेलही. जेथे पिढ्यान्‌पिढ्या धान्य मोजून वापरले गेले तेथे चांगल्या वर्षी मोजमाप सोडून देण्यातच श्रीमंती मानली जाणे स्वाभाविक आहे, आणि चतकोर या मापाची वर वर्णिलेली दुर्दशा त्यातूनच झाली असावी. तथापि हे स्पष्टीकरण यजमानास ऐकवण्यात अर्थ नाही. तो ते शांतपणे ऐकून घेतो आणि तेवढ्या वेळात आणखी एक धपाटे वाढतो.

पुढील मार्गशीर्ष अमावास्येस धाराशिव जिल्ह्यात जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी आदल्या रात्री हलके जेवावे, सकाळी न्याहारी करू नये, हॉटेलची चौकशी करण्यात वेळ घालवू नये, पहिल्याच शेतात पोटभर जेवू नये, आणि संध्याकाळी पाचपूर्वी सुटणाऱ्या कोणत्याही गाडीचे आरक्षण करू नये.