मोसमाबाहेरचा पाठीराखा : नवशिक्या पुणेकरांसाठी सोपी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

जो पुण्यात राहतो, ज्याला आपल्या गावाच्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडावंसं वाटतं आणि ज्याला अजून रक्तदाबाची गोळी सुरू झालेली नाही, त्याच्यासाठी. गोळी सुरू झालेल्यांना हे सगळं ठाऊक आहे. त्यांनी थेट पायरी ७ वाचावी.

सामने चालू असताना काय करायचं, हे इथे सांगितलेलं नाही. ते कोणालाही जमतं. मार्गदर्शन लागतं ते सामने संपल्यानंतरच्या आठ-नऊ महिन्यांसाठी. त्या काळात लिलाव होतात, खेळाडू जातात-येतात, कर्णधार बदलतात. मुंबईत वा चेन्नईत एवढ्यावर भागतं. पुण्यात अभ्यासक्रम जरा मोठा आहे.

साहित्य

एक पेन्सिल (संघाची यादी लिहिण्यासाठी. पेन वापरू नये). एक चांगला खोडरबर. जर्सी, ऐच्छिक. चहा, अनिवार्य. आणि मुंबईत राहणारा एक नातेवाईक, शक्यतो सासरकडचा.

पायरी १ : आधी संघ आहे का, ते बघा

इतर गावांतले पाठीराखे मोसम संपला की विचारतात, "यंदा कोणाला घेतलं?" पुणेकराने आधी विचारायचं, "आपण आहोत ना?"

हा प्रश्न उगाच नाही. २०१० मध्ये सहाराने पुण्याचा आयपीएल संघ ३७ कोटी डॉलरना घेतला. तोवरची ती सर्वांत मोठी बोली होती. पुणे वॉरियर्स असं नाव ठेवलं. पहिल्या वर्षी, २०११ मध्ये, आपले घरचे सामने नेरुळला झाले, कारण घर बांधून व्हायचं होतं. घर म्हणजे गहुंज्याचं मैदान. ते झालं, त्यावर मालकाचं नावही लागलं. २०१३ च्या मोसमानंतर संघ गेला आणि पुढे मैदानावरचं नावही उतरलं. तीन वर्षांत या संघाने इतिहासात एकदाच ठळक जागा मिळवली : २३ एप्रिल २०१३ ला बंगळुरूत ख्रिस गेलने ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा केल्या. गोलंदाजी आपली होती.

मग २०१६ मध्ये रायझिंग पुणे सुपरजायंट्स आले. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित होते, म्हणून ही जागा. म्हणजे आपल्याला संघ मिळाला तो शाळेत बदली शिक्षक मिळतात तसा : मूळ बाई रजेवरून येईपर्यंत. पहिल्याच वर्षी राज्यात दुष्काळ होता. मैदानांच्या पाण्याचा प्रश्न न्यायालयात गेला आणि एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर गेले. पुण्याचं घर विशाखापट्टणमला हललं. नेरुळच्या मानाने ही मोठीच बढती.

फुटबॉलमध्ये एफसी पुणे सिटी २०१४ ला आला आणि २०१९ ला गेला. त्याआधीचा पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता होता. तो २०१५ ला बंद झाला.

तात्पर्य : यादीत खेळाडू शोधण्यापूर्वी यादीत गाव शोधा.

पायरी २ : जर्सी घेण्याची घाई करू नका

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात तीन जर्सी आहेत. त्यातली जांभळी मी दोनदा घातली. तिसऱ्यांदा शोधायला गेलो तर ती गॅलरीत स्कूटरवर पसरलेली होती, आणि तिच्या एका बाहीला वंगण लागलं होतं. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "अरे, तो संघ आता नाहीये ना? मग? कापड चांगलं आहे, पाणी छान टिपतं."

यावर वाद घालू नये. तिची माहिती बरोबर होती.

जर्सी घ्यायचीच असेल तर पाठीवर खेळाडूचं नाव छापून घेऊ नका. स्वतःचं आडनाव छापा. निदान तुम्ही तरी पुढच्या वर्षी त्याच संघात असाल. आणि संघाचं नाव कसं लिहितात तेही तपासा. २०१७ ला आपल्या संघाने नावातलं शेवटचं अक्षर काढून टाकलं आणि 'सुपरजायंट्स'चा 'सुपरजायंट' झाला. त्याच सुमारास कर्णधारपदावरून धोनीलाही काढलं. जुन्या जर्सीवर दोन्ही चुका एकदम झाल्या.

पायरी ३ : लिलावाची भाषा शिका

लिलाव म्हटला की बोली चढत जाते, असा नवशिक्यांचा समज असतो. तो आधी काढून टाका. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्याचा संघ विकला गेला तो उलट्या लिलावात. बोली लागली उणे १६ कोटी. म्हणजे क्रिकेट मंडळाने मालकाला काही द्यायचं नाही, उलट मालकानेच मंडळाला दर वर्षी १६ कोटी द्यायचे. पुण्याचा संघ वजाबाकीतून जन्मला, हे ध्यानात ठेवलं की पुढचं बरंच सोपं जातं.

खेळाडूंच्या लिलावात पुढील शब्द कामाला येतात :

*रिटेन करणे* : याला आपण ठेवलं. आनंद बेताने करावा.

*रिलीज करणे* : याला आपण सोडलं. आता तो दुसऱ्या संघाकडून आपल्याविरुद्ध चांगला खेळेल.

*पर्स* : मालकाकडे शिल्लक राहिलेले पैसे. तुमच्या खिशाशी संबंध नाही, तरी लिलावाच्या दिवशी घाम तुम्हालाच फुटतो.

*फायनल बिड मॅच* : कबड्डीच्या लिलावात शेवटच्या बोलीइतके पैसे मोजून जुना संघ आपला खेळाडू परत घेऊ शकतो. मालकाच्या टेबलावर या हक्काचं कार्ड उचललं जातंय का, याकडे टक लावून बसणे म्हणजे मोसमाबाहेरचा खेळ.

किमतीवरून माणूस ओळखू नका. २०१७ ला बेन स्टोक्सला आपण साडेचौदा कोटींना घेतलं आणि पुण्यात वाढलेल्या राहुल त्रिपाठीला १० लाखांना. स्टोक्स उत्तम खेळला, मालिकावीर ठरला आणि बाद फेरीआधी देशासाठी खेळायला इंग्लंडला गेला. अंतिम सामन्याला दहा लाखवाला हजर होता.

पायरी ४ : मुंबईच्या नातेवाइकाशी बोलण्याची रीत

तो अंतिम सामना २१ मे २०१७ ला हैदराबादला झाला. समोर मुंबई इंडियन्स. त्या मोसमात तोवर तिन्ही वेळा आपण त्यांना हरवलं होतं. मुंबईच्या १२९ धावा. शेवटच्या षटकात आपल्याला ११ हव्या होत्या, समोर मिचेल जॉन्सन. पहिल्या चेंडूवर मनोज तिवारीचा चौकार, दुसऱ्यावर तो बाद, तिसऱ्यावर कर्णधार स्टीव्ह स्मिथ बाद. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या. दोन निघाल्या, तिसरी काढताना धावबाद. एका धावेने हार.

माझा मेहुणा दादरला राहतो. त्या रात्री त्याचा फोन आला. "भाऊजी, झोपलात?" एवढंच म्हणाला. आज इतकी वर्षं झाली, दर लिलावाच्या दिवशी तो हेच विचारतो.

त्याच्याशी वाद घालायचा नाही. त्याच्याकडे पाच चषक आहेत. फार तर डिसेंबर २०२३ चा विषय काढावा, जेव्हा रोहितला बाजूला करून हार्दिकला कर्णधार केलं आणि निम्मी मुंबई आपल्याच संघावर रुसली. मेहुणा गप्प होईल. पण मनातून आपण ओळखून असावं : त्यांचं दुःख कर्णधार गेल्याचं आहे. आपण सबंध संघ गेल्यावरही दुसऱ्या दिवशी कामावर गेलो होतो.

पायरी ५ : गेलेल्या संघांचा पत्ता लिहून ठेवा

संघ बंद पडत नाहीत, ते सासरी जातात. आणि तिथे गेल्यावर सुधारतात, हे विशेष.

एफसी पुणे सिटीची जागा हैदराबादने घेतली. २०२२ च्या मार्चमध्ये गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, हैदराबादने आयएसएलचा चषक उचलला. आपल्या पुणे सुपरजायंटच्या मालकांनी २०२१ मध्ये ७,०९० कोटींना लखनौचा संघ घेतला आणि त्याचं नाव ठेवलं लखनौ सुपर जायंट्स. आडनाव तेच, गाव तेवढं बदललं.

सर्वांत मोठा धडा २०१८ चा. रजेवर गेलेली चेन्नई परत आली, पण कावेरीच्या पाण्यावरून तमिळनाडूत आंदोलन पेटलं आणि त्यांचे उरलेले घरचे सामने गहुंज्याला आले. चेन्नईहून रेल्वेगाडी भरून पिवळे पाठीराखे पुण्यात उतरले. मैदान आपलं, कर्णधार धोनी, ज्याला आपण वर्षभरापूर्वीच कर्णधारपदावरून उतरवलं होतं, आणि त्या वर्षीचा चषक चेन्नईला. पुढे २०२४ ला धोनीनंतर चेन्नईचं कर्णधारपद आपल्या ऋतुराज गायकवाडकडे गेलं. पुणं चषक जिंकू शकत नाही, असं कोणी म्हणालं तर हे सांगावं. फक्त तो पुण्याच्या नावाने जिंकता येत नाही.

खो-खोची तर गोष्टच निराळी. या खेळाचे नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्या पुण्यात बांधले गेले, त्याच पुण्यात २०२२ ला बालेवाडीत अल्टिमेट खो-खोचा पहिला मोसम झाला. सहा संघ होते. मुंबईचा होता, ओडिशाचा होता, राजस्थानचा होता. पुण्याचा नव्हता. आपण यजमान होतो.

पायरी ६ : गेलेल्या खेळाडूविषयी बोलण्याची पद्धत

कबड्डीतल्या आपल्या पुणेरी पलटणने ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. डावा कोपरा. चढाईपटूचा घोटा त्याच्या हाती लागला की सुटायचा नाही. १ मार्च २०२४ ला हैदराबादला पलटणने हरियाणा स्टीलर्सना २८-२५ असं हरवून प्रो कबड्डीचं पहिलं जेतेपद घेतलं. पंकज मोहितेची एकाच चढाईत चार गुणांची उडी अजून डोळ्यांसमोर आहे. कर्णधार अस्लम इनामदार, नगर जिल्ह्यातला.

पाच महिन्यांनी लिलाव झाला. शादलुई २ कोटी ७ लाखांना गेला. कुठे? ज्यांना हरवलं त्याच हरियाणाकडे. २९ डिसेंबर २०२४ ला त्याने हरियाणासाठी चषक उचलला. कुठे? बालेवाडीला, पुण्यात.

त्या संध्याकाळी माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा बसले होते. गळ्यात पलटणचं नारिंगी उपरणं. सामना पाटणा आणि हरियाणाचा. पलटण तोवर आठव्या क्रमांकावर राहून घरी गेली होती. शादलुईने पकड केली की आजोबा टाळी वाजवत. शेजारच्या पोराने विचारलं, "आजोबा, तुम्ही हरियाणावाले?" आजोबांनी उपरण्याची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "नाही रे. पोरगा आपला आहे. यंदा नोकरीला तिकडे आहे."

इतकंच बोलायचं असतं. पुण्यातल्या किती घरांत हे वाक्य अमेरिकेतल्या मुलाविषयी बोललं जातं, ते आठवा. गद्दार, विकला गेला वगैरे शब्द नवशिक्यांचे.

पायरी ७ : जो राहिला त्याच्याकडे बघा

आता शांतपणे बेरीज करा. वॉरियर्स तीन मोसम, सुपरजायंट दोन, एफसी पुणे सिटी पाच. पुणेरी पलटण २०१४ पासून आहे. पहिल्या मोसमात तळाला होती. २०२२ ला अंतिम सामन्यात जयपूरकडून २९-३३ हरली. २०२४ ला जिंकली, मग आठवी आली, २०२५ ला पुन्हा अंतिम सामना गाठला आणि दिल्लीकडून २८-३१ हरली. खेळाडू गेले, प्रशिक्षक बदलले, सामने या गावाहून त्या गावी फिरले. संघ मात्र गेला नाही.

आणि आपण? ज्याने आपल्याला दोन वेळा सोडलं त्या क्रिकेटच्या लिलावाला अर्ध्या दिवसाची रजा टाकून टीव्हीसमोर बसतो, आणि कबड्डीचा लिलाव कधी झाला ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आतल्या पानावर वाचतो. पळून गेलेल्याची वाट बघायची आणि घरात असलेल्याला चहाही विचारायचा नाही, ही आपली जुनी खोड. संघ टिकत नाहीत म्हणून मालकांना नावं ठेवताना हेही जरा मोजायला हवं.

टाळायच्या चुका

"पुढच्या वर्षी आपलाच चषक" असं एप्रिलच्या आत म्हणू नये. पुण्याला नवा आयपीएल संघ मिळणार अशी बातमी आली तर आनंदाने ऐकावी, पुढे पाठवू नये. आणि जर्सी गॅलरीत वाळत घालू नये. कारण वर दिलं आहे.

शेवटची सूचना

पलटणची यादी पेन्सिलनेच लिहा, कारण पुढच्या लिलावात त्यातली चार-सहा नावं खोडावी लागतीलच. वरचं 'पुणेरी पलटण' हे शीर्षक मात्र पेनाने लिहिलं तरी चालेल. आणि सामने पुन्हा बालेवाडीला आले की घरी बसून बघू नका. तिकीट काढून या.