वाजवी तास

मेडिकल कॉलेजात मनःस्वास्थ्य सप्ताह सुरू झाला की सगळ्यात मोठी पंचाईत होते ती पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटची. तीस तासांची इमर्जन्सी उरकून तो कॅन्टीनमध्ये बसलेला असतो. बिस्किट चहात बुडून तळाला गेलं तरी त्याला पत्ता नसतो. तेवढ्यात निरोप येतो : सभागृहात चला, पुरेशा झोपेवर व्याख्यान आहे. हजेरी सक्तीची. एक बरं, तिथल्या खुर्च्या मऊ असतात.

कागदावर सगळं केव्हाच झालंय. जून १९९२ मध्ये केंद्र सरकारनं लिहून दिलं, की निवासी डॉक्टरांना सहसा दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त राबवू नये. त्यातला ‘सहसा’ तेवढा वॉर्डापर्यंत पोचला, बाकीचं वाटेत सांडलं. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं नवी नियमावली काढली, तीत आकड्याची कटकटच नको म्हणून ‘वाजवी तास’ असं लिहिलं. वाजवी म्हणजे किती? मंडईत कोथिंबीर विकणारी बाईसुद्धा ‘वाजवी’ म्हणून थांबत नाही, पुढे भाव सांगते.

२०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यावर आयोगाच्याच कृतिदलाचा अहवाल आला. त्याच्या पाहणीत पाच हजारांवर पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली होती. त्यांतल्या ३१ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचा विचार येऊन गेला होता. इथं मला विनोद सुचत नाही.

अहवालानं सुचवलेला उपाय काय, तर आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास, एक सुट्टी, सात-आठ तास झोप. पोरं म्हणाली, एवढं मिळालं तरी गंगेत घोडं न्हालं! म्हणजे ३२ वर्षांत ४८ चे ७४ झाले आणि त्याला सुधारणा म्हणायचं. ट्रक-बसच्या ड्रायव्हरला १९६१ च्या कायद्यानं आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. स्टिअरिंगवर डुलकी लागू नये, हे सरकारला कळतं. सुईचं काय?

सीनिअरांचं उत्तर ठरलेलं : ‘आमच्या वेळी याहून वाईट होतं.’ सासवाही हेच म्हणायच्या.

रेसिडेंट मित्रांनो, जीव नकोसा झाला तर ‘टेली-मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ फिरवा, चोवीस तास चालू असतो, लाजू नका. आणि डीनसाहेब, यंदा ते व्याख्यान रद्द करा. त्या तासात पोरांना झोपू द्या.