रिद्धपूरची पोथी, अकोल्याची डिस्क

विंडोज 11 च्या कंट्रोल पॅनेलमध्ये अजूनही 'बॅकअप अँड रिस्टोअर' आहे आणि त्यापुढे कंसात 'विंडोज 7' लिहिलेलं आहे. साहेबाची बदली होऊन वर्षं लोटली तरी दारावरची पाटी कोणी काढत नाही, तशातलाच प्रकार. जवळच 'फाइल हिस्टरी' आहे. ही 2012 साली विंडोज 8 बरोबर आली. बाहेरची डिस्क जोडून ती एकदा चालू केली, की बदललेल्या फाइलींची दर तासाला प्रत निघते. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. अमरावतीत नेमकी तिथंच माशी शिंकते. फुकट म्हटलं की, "यात काईतरी गोम असन" म्हणून माणूस बाजूला होतो.

आमची रीत निराळी. 'सी'मधले लग्नाचे फोटो 'डी'मध्ये टाकायचे आणि निर्धास्त झोपायचं. सी आणि डी बहुतेक घरी एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात, हे सांगायला गेलं तर लोकांना वाईट वाटतं. चोर काही डी मागे ठेवून जात नाही.

खरं तर या जिल्ह्यानं या विषयात फार आधी हात पोळून घेतले आहेत. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या मागे, 1278 च्या सुमारास, म्हाइंभटांनी रिद्धपुरात त्यांच्या आठवणींचं लीळाचरित्र सिद्ध केलं. ज्यानं जे पाहिलं-ऐकलं त्याच्याकडे जाऊन लीळा मिळवायची, पंथप्रमुख नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायची आणि मगच लिहायची. एवढी मेहनत, आणि पुढं परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. ग्रंथ परत उभा राहिला तो अनुयायांच्या पाठांतरातून. हिराइसेचा पाठ त्यातला एक. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी, तशी डोक्यात आपसूक असलेली सोय ती हीच. मात्र प्रत्येकाच्या आठवणीतून थोडं वेगळं निघालं, पाठभेद झाले आणि अभ्यासकांना पुढची कित्येक दशकं काम मिळालं. माझ्याकडं एकाच अर्जाच्या 'अंतिम', 'अंतिम नवीन' आणि 'हाच घ्या' अशा फाइली आहेत; माझ्यामागे त्या जुळवायला लीळाचरित्राचे संपादक वि. भि. कोलते यांच्यासारखा कोणी येईल, असं वाटत नाही.

महानुभावांनी पुढं पोथ्यांना सकळ या सांकेतिक लिपीचं कुलूपही घातलं. ते इतकं पक्कं होतं, की पंथाबाहेरच्या अभ्यासकांना इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडून दाखवेपर्यंत ते उघडेना. विंडोजच्या प्रो आवृत्तीतलं बिटलॉकर डिस्कला असंच कुलूप लावतं आणि 48 आकडी चावी देतं. ती चावी त्याच कॉम्प्युटरवर जपून ठेवणारे सज्जन मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी राजवाडे कुठून आणायचे?

एक प्रत गावाबाहेर असावी म्हणतात. म्हणून माझी दुसरी डिस्क अकोल्याला बहिणीकडे असते. तिथं मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो, म्हणून ती गच्चीखालच्या खोलीत ठेवू नको, एवढंच तिला बजावलं होतं. तिनं ती खालच्या कपाटात, पासबुकांसोबत ठेवली. दिवाळीत फाइली खरोखर उघडतात का हे पाहायला डिस्क लावली. फोटो होते, अर्जही होते. शिवाय ढीगभर तेलुगू सिनेमे होते.

"मामा, जागा खाली होती नं," भाचा म्हणाला. "अन् आमच्याकडं याची दुसरी कॉपी नाही. पुसजा नोका."