पांढऱ्या पायाचा डेरिक

"डेरिक परेरा कोण गं? तुझ्या कंपनीतला का?"

काकूंनी मेथीची जुडी कुंपणाच्या जाळीवर टेकवली, म्हणजे आता पूर्ण हकिकत ऐकल्याशिवाय त्या आत जाणार नाहीत. चूक माझीच. फोनवर भावाशी भांडत होते, आणि आमच्या रो-हाऊसच्या ओळीत फोनवरचं भांडण म्हणजे सार्वजनिक कार्यक्रम. भाऊ म्हणत होता, आपल्याकडं फुटबॉलचा प्रशिक्षक एकच, खालिद जमील, बाकी सगळी खोगीरभरती. खालिदबद्दल माझं काही म्हणणं नाही. २०१७ साली ऐजॉलसारख्या लहान संघाला त्यानं आय-लीग जिंकून दिली, २०२५ मध्ये थेट भारताचा प्रशिक्षक झाला. त्याचं नाव झालं, चांगलंच झालं. पण डेरिकचं काय?

"कंपनीतला नाही हो, पण कंपनीच्या संघाचा. महिंद्रा युनायटेडचा."

"म्हणजे आपल्या निघोज्यातली महिंद्रा?"

"तीच, पण संघ मुंबईचा. डेरिक मूळचा गोव्याचा. साळगावकरकडून खेळायचा, भारताकडूनही खेळला. बचावफळीतला गडी. मग प्रशिक्षक झाला आणि २००५-०६ ची राष्ट्रीय लीग महिंद्राला जिंकून दिली. मुंबईच्या संघानं ती लीग त्याआधी कधी जिंकली नव्हती. बहुतेक मान कोलकात्याला नाहीतर गोव्याला. त्याच हंगामात फेडरेशन कपही आणला, आणि २००७ मध्ये एएफसी कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला."

"मग चांगलं चाललं होतं की."

"२०१० ला कंपनीनं संघच बंद केला."

"अगं बाई! आणि इथं कारखाना काढला तोही त्याच सुमाराला ना?"

काकूंचा हिशेब असा असतो. मोटारी चाकणात आल्या आणि फुटबॉल गेला, याचा एकमेकांशी काही संबंध नाही हे त्यांना सांगून उपयोग नसतो. शिवाय मलाही ते जुळणं थोडं आवडतं.

पुढं डेरिक पुण्यात आला, पुणे एफसीकडं. तेव्हा मी आणि भाऊ मोशी, भोसरी, नाशिक फाटा असं गाडी हाणत बालेवाडीला जायचो. तिथं मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक, त्यामुळं चेंडू लांबच दिसायचा. पण गर्दी इतकी पातळ, की खेळाडूंची एकमेकांना दिलेली हाक वरच्या पायरीवर स्पष्ट यायची. 'मॅन ऑन', 'टाइम', सगळं. कोण बोलतंय, कोण गप्प आहे, कळायचं. डेरिकच्या संघाची मागची फळी सतत बोलायची. चेंडू पलीकडच्या टोकाला असला तरी यांचं आपलं चालूच, तू पुढं हो, तू आत ये. गोल खाल्ला तर तो नशिबानं, गाफीलपणानं नाही. भावाला हे कंटाळवाणं वाटायचं. त्याला जेम्स मोगा पळताना बघायचा असायचा, दक्षिण सुदानचा तो उंच आघाडीवीर. मी मागच्या चौघांकडं बघायचे.

"जिंकले का पण?" काकू मुद्द्यावर आल्या.

"२०१२-१३ ला दुसरे आले. चर्चिल ब्रदर्सपेक्षा फक्त तीन गुण कमी."

"दुसरे." मेथीची एक काडी मोडली गेली.

"काकू, मोहन बागान, ईस्ट बंगाल मागं! ज्या गावात फुटबॉल म्हटलं की लोक क्रिकेटचा स्कोअर सांगतात, त्या गावचा संघ. आणि दुसऱ्या वर्षी डेरिक कुठं? साळगावकरला. पुण्यानं नेदरलँड्सचे माइक स्नोइ आणले. इकडं डेरिकनं साळगावकरला तिसरं आणलं."

"आणि ते पुणे?"

"२०१५ ला बंद पडलं."

"साळगावकर?"

"२०१६ ला आय-लीगमधून बाहेर पडले."

काकूंनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू स्थळ नाकारायचं कारण सापडलं. "म्हणजे हा पांढऱ्या पायाचा!"

"काय हो काकू! क्लब बंद करतात मालक, पैसा ओतून थकले की. प्रशिक्षक काय करणार? उलट जो मोडकळीला आलेल्या दुकानातही हिशेब चोख ठेवतो, त्याला जास्त मान द्यायला हवा."

आणि खरी गोम पुढं आहे. २०१४ ला इंडियन सुपर लीग आली आणि फॅशनच अशी, की मुख्य प्रशिक्षक परदेशीच हवा. स्पेन, ब्राझील, इंग्लंड, कुठलाही चालेल. आपला माणूस सहायक. डेरिक एफसी गोवाचा तांत्रिक संचालक झाला. २०२० च्या जानेवारीत मुख्य प्रशिक्षक लोबेराला काढलं, तेव्हा संघ क्लिफर्ड मिरांडाच्या हाती आला आणि पाठीशी डेरिक. त्या हंगामात गोव्यानं साखळीत पहिला क्रमांक मिळवला आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. पुन्हा २०२१ च्या डिसेंबरात तेव्हाचा प्रशिक्षक फेरांडो भर हंगामात गोवा सोडून एटीके मोहन बागानला गेला. मग कोणाला बोलावलं?

"यालाच."

"यालाच!"

"ऐन लग्नात आचारी पळाला की शेजारची बाई पदर खोचते, तसं."

"आणि आहेराच्या यादीत तिचं नाव नसतं. तो हंगाम काही चांगला गेला नाही, गोवा तळाच्या बाजूलाच राहिलं. लोकांना तेवढंच आठवतं. निस्तरायला डेरिक, मिरवायला परदेशी."

काकू थोडा वेळ गप्प. मग मीच रेटलं, "आणि काकू, चाकणकरांनी तरी दुसऱ्या नंबराला हसू नये. आपला संग्रामदुर्ग किल्ला शेवटी शाइस्तेखानाच्या हाती गेलाच की. तरी नाव कुणाचं घेता?"

"किल्लेदार फिरंगोजींचं," त्या लगेच म्हणाल्या, "पण ते लढले. हा उभा राहून बघतो."

"उभं राहून बघणं हेच काम असतं त्याचं."

"असेल बाई." निवडलेली मेथी त्यांनी ताटात गोळा केली. "खालिद म्हणालीस तो कुठला?"

"तोही महिंद्राकडून खेळलेला."

"बघ! म्हणजे त्या संघातला एक तर पुढं गेला की नाही? तूच उगीच भावाशी भांडतेस. फोन लाव त्याला परत, आणि सांग, काकूंनी बरोबरीत सोडवलं."

मी लावला नाही. बरोबरी मला मान्य नव्हती.