मैयाकाका

कोथरूडच्या प्रत्येक सोसायटीत हल्ली नर्मदा परिक्रमा करून आलेला एक तरी गृहस्थ सापडतो. आमचे काका बँकेतून निवृत्त झाले, त्यांनी जगन्नाथ कुंट्यांचं 'नर्मदे हर हर' वाचलं आणि कार्तिकात ओंकारेश्वरला संकल्प सोडून, कुपीत पाणी भरून चालू लागले. नदी १३१२ किलोमीटर, दोन्ही काठ धरले की अडीच हजारांच्या वर. पाच महिन्यांनी छातीपर्यंत दाढी आणि रापलेली मान घेऊन परतले. देह परतला एवढंच. बाकीचे काका अजून काठावरच कुठेतरी आसन लावून आहेत.

परवा हॉटेलात वेटरनं "किती जण?" विचारलं, तर म्हणाले, "चार मूर्ती." आश्रमांत परिक्रमावासी मूर्तीच्या हिशेबानं मोजतात, हे त्या पोरानं कुठून जाणावं? तो बिचारा मेन्यूकार्डात शोधू लागला. घरी पोह्यांना बालभोग म्हणतात. नर्मदामैयाला उजव्या हाताला ठेवून चालायची सवय इतकी मुरलीय, की बागेतल्या हौदालाही ते उजवंच घालतात. बाकी सगळी सोसायटी उलट्या अंगानं फिरते. त्यामुळे रोज सकाळी कोणी ना कोणी त्यांच्यावर आदळतो आणि "सॉरी"च्या जागी "नर्मदे हर" ऐकून घरी जातो.

या "नर्मदे हर"चे सूर आता आम्हाला ओळखू येतात. फोन उचलताना मऊ. मीटिंगमध्ये पाणीपट्टीचा विषय निघाला की लांबवलेला, म्हणजे यात मला ओढू नका. आणि आपल्या पार्किंगमध्ये दुसऱ्याची गाडी दिसली की दात-ओठ खाऊन उच्चारलेला. त्यात पूर्वीच्या सगळ्या शिव्या नीट घडी घालून ठेवलेल्या असतात.

अहंकार मैयात सोडून आलो, असं ते सांगतात. शंका घ्यायचं कारण नाही. फक्त कोणी "आम्हीपण केली, बसनं" म्हणालं, की ते "वा वा, तेही चांगलंच" म्हणतात, ते ऐकण्यासारखं असतं. एका लग्नात मात्र त्यांना अनवाणी परिक्रमा केलेले गृहस्थ भेटले. त्यांनी काकांच्या बुटांकडे एकदा पाहिलं आणि "तेही चांगलंच" म्हणाले. काका जिलबी न खाता घरी आले. शास्त्राप्रमाणे तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात, हा विषय तर त्यांच्यापुढे काढायचाच नाही.

त्यांची गोष्ट ओंकारेश्वरला सुरू होते. विमलेश्वरहून मिठीतलाईकडे समुद्रातून नाव सुटेपर्यंत श्रोते आधीच उतरून गेलेले असतात. पण एक गोष्ट ते कधी रंगवून सांगत नाहीत. निघता निघता, चपला पायात सरकवताना सांगतात. शूलपाणीच्या झाडीत एका झोपडीत म्हातारी होती. डब्यात पीठ होतं ते तिनं परातीत घेतलं, निम्मं परत डब्यात टाकलं आणि उरलेल्याच्या भाकरी यांच्यापुढे ठेवल्या. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. काकांनी पैसे पुढे केले, तर तिनं हात मागे घेतले. "जन्मभर तारण बघितल्याशिवाय कर्ज दिलं नाही हो मी," एवढं बोलून ते जिना उतरायला लागतात. तेव्हापासून दारात कुरिअरवाला आला तरी त्याला आधी पाणी मिळतं. हे त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलेलं नाही, आणि आम्हीही ते आणून देत नाही. नाहीतर त्याचंही प्रवचन व्हायचं.

काकूंचं मत वेगळं. "तिकडे कोणाच्याही ओसरीवर पडायचे. इथे उशी बदलली तर रात्रभर कुशी बदलतात. तिकडे मिळेल तो प्रसाद. इथे आमटीत मीठ कमी."

परवा त्यांनी काकूंना सांगून टाकलं, "मैयानं पुन्हा बोलावलंय. कार्तिकात निघतो."

काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "यंदा मला बोलावलंय. तुम्ही घर बघा."

काका बराच वेळ डोळे मिटून बसले. मैयाची इच्छा, हे त्यांनाही नाकारता येईना. मग हळूच विचारलं,

"पण सिलिंडरचा नंबर कुठे लावायचा असतो?"