बुडाचा तुकडा

वलगावात अमरावती-परतवाडा रस्त्याच्या आसपास खोली करून राहणारा बदलीवाला लांबूनच ओळखू येतो. कुटुंब अकोल्याला किंवा नागपूरला, डिक्कीत रिकामा डबा, हँडलला ब्रेडची पिशवी. पुडा चारशे ग्रॅमचा, खाणारा एक. दुकानदाराकडे यापेक्षा लहान पुडा नसतो आणि सद्गृहस्थाकडे यापेक्षा मोठी भूक नसते.

पुडा उघडला की वर असतो बुडाचा तुकडा. एका अंगाने तपकिरी, चिवट. सद्गृहस्थ तो उचलतो, खालचे दोन मऊ स्लाइस काढून घेतो आणि तुकडा होता तसा वर ठेवून देतो. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. कोणी विचारलंच, तर त्याच्याकडे सिद्धांत तयार असतो: वर बूड असलं की खालचे सुकत नाहीत. कुणाचा सत्कार असावा तसा तो तुकडा रोज उठवला जातो, रोज बसवला जातो, खाल्ला मात्र जात नाही. आठवड्याअखेरीला वरचं बूड, खालचं बूड आणि मधल्या चार स्लाइसवर हिरवी लव, एवढा ऐवज उरतो. मग तो चाकूने लव खरवडतो. मऊ ब्रेडमध्ये बुरशीचे तंतू दिसणाऱ्या डागाच्या कितीतरी आत गेलेले असतात, पण चाकू चालवल्याचं समाधान वेगळंच.

पुढच्या पुड्याला तो शहाणा होतो, म्हणजे पुडा फ्रिजमध्ये ठेवतो. पाणी उडून गेल्यामुळे ब्रेड शिळा होतो, ही त्याची ठाम समजूत. थेंबभर पाणी उडू न देता हवाबंद ठेवलेला पावही शिळा होतो, हे फ्रान्समध्ये 1852 सालीच दाखवून झालं आहे. भाजताना फुगून सैल झालेला पिठातला स्टार्च थंडावताना पुन्हा घट्ट रचनेत बसतो, आणि हे काम सगळ्यात झपाट्याने चालतं ते शून्याच्या जरासं वर. म्हणजे नेमकं फ्रिजच्या खणात. बुरशी तिथे मंदावते, पण ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर वातड होतो. वरच्या फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशांना, दोन्ही जवळपास थांबतं. आणल्या दिवशीच दोन-दोन स्लाइस वेगळे बांधून तिथे टाकावेत, लागतील तेवढे सरळ तव्यावर घ्यावेत. साठेक अंशांच्या वर तापले की स्टार्च परत सैलावतो. पण फ्रीझरमध्ये जागा कुठली? तिथे बर्फाची टेकडी आहे आणि तिच्या पोटात कुठल्याशा हिवाळ्यातले मटार.

भाताचं आणखी अवघड. त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत, आणि भात उबेत पडून राहिला तर त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून शिजवलेलं दोन तासांत थंडीत जावं, हवा 32 अंशांपलीकडे असेल तर एका तासात, असा नियम. मे महिन्यात पंचेचाळिशी गाठणाऱ्या वऱ्हाडात हा तास मोबाइल बघत जेवण्यातच संपतो.

उरलेलं गाईला. हा त्याचा रामबाण. बुरशीचा ब्रेड, आंबलेला भात, पिशवीसकट उकिरड्याच्या कडेला ठेवला की अन्न वाया गेलं नाही आणि वर पुण्य. ढीगभर भात-ब्रेड एकदम पोटात गेला तर गाईच्या कोठ्यात आम्ल वाढून ती आडवी होऊ शकते. पिशवीचं तर बोलायलाच नको. पण पुण्याच्या हिशेबात गुरांचा डॉक्टर येत नाही.

एकदा घरमालकीणबाईंनी त्याला रंगेहाथ पकडलं. “काऊन जी सर, पोया फेकून रायले काय? कुस्करा करा नं!” शिळी पोळी कुस्करायची, तेलात मोहरी, कांदा, मिरची, शेंगदाणे, झालं. सद्गृहस्थ हरखला. “आमच्या घरीसुद्धा अन्नाचा कण वाया जात नसे,” असं अभिमानाने म्हणाला.

जात नसेच. का जात नव्हता, ते मात्र त्याने कधी पाहिलं नाही. सगळ्यांचं जेवण उरकलं की दुरडीतली सकाळची भाकर कोण ताकात चुरून खात होतं? तळाचं करपलेलं पिठलं कुणाच्या ताटात जात होतं? पाहुणे आले म्हणून जास्तीच्या केलेल्या आणि पाहुण्यांनी न खाल्लेल्या पोळ्या दोन दिवस कोण संपवत होतं? मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर मुंगवड्या, कुरडया, पापड वाळत घालून वर्षभराची बेगमी कोण करत होतं, आणि खाली पंख्याखाली लोळून “वरच्या कुरडया कावळा नेतोय” असं कोण ओरडत होतं? घरात टिकवण्याची कुठलीही थोर पद्धत नव्हती. एक बाई होती. शिळं तिच्याकडे जायचं. ताज्याची तिला बहुधा ॲलर्जी असावी, कारण गरम पोळी तिच्या ताटात कधी कोणी पाहिली नाही, आणि सद्गृहस्थाने तर नाहीच नाही, कारण तो तोवर हात धुऊन उठलेला असायचा. 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं सुमारे साठ टक्के घराघरांतून; भारतातल्या घरांत माणशी वर्षाला 55 किलो, असा अंदाज मांडला गेला. या आकड्यांत आयांनी गिळलेलं शिळं धरलेलं नाही. धरलं असतं तर कुलदीपकांचं माणशी वजन कळलं असतं.

सद्गृहस्थाने अखेर उपाय काढला आहे. बुडाचे तुकडे तो आता फेकत नाही, एका डब्यात साठवतो. शनिवारी दुपारी धुवायचे कपडे आणि तो डबा एकाच पिशवीत भरून घरची बस धरतो. आईला कटलेटला चुरा लागतो, म्हणे.